बोटीला यंत्र आहे, माणसाला काय?



या कार्यक्रमात माझा आवाज आपण ऐकता तो भात, नाचणी, काजू, नाहीतर आंब्यावरचे तुडतुडे यांच्या निमित्ताने. आजचा विषय मात्र समुद्राचा आहे. शेतीखात्याच्या माणसाचा समुद्राशी काय संबंध, असं कुणाच्या मनात येईल. संबंध असा, की आमच्या किनारपट्टीच्या गावांत शेतकरी आणि मच्छीमार अशी दोन वेगळी माणसं पुष्कळदा नसतातच. जो जून-जुलैत गुडघाभर चिखलात उभा राहून भात लावतो, तोच पावसाळी बंदी उठली की खलाशी म्हणून बोटीवर जातो. घर एक, सातबारा एक आणि काळजीही एकच.

खाडीकाठच्या एका गावात आम्ही चारसूत्री भातलागवडीचं प्रात्यक्षिक घेतलं होतं. ज्यांच्या शेतात प्लॉट होता त्यांचा धाकटा भाऊ ट्रॉलरवर कामाला होता. त्या हंगामात एका रात्री बोट मासेमारीच्या जागेकडे चालली होती. दोनच्या सुमारास त्याला बोटीवर बिडी ओढताना एकाने पाहिलं होतं. चार वाजता जाळ्याच्या कामासाठी सगळ्यांना उठवलं, तेव्हा त्याची जागा रिकामी. लघवीला म्हणून बोटीच्या मागच्या टोकाला गेला असावा आणि लाटेच्या हेलकाव्याने तोल गेला असावा. पाहिलं कुणीच नाही.

तांडेलाने आपल्याकडून काही कमी केलं नाही. बोटीवरच्या संकटसूचक यंत्राचं बटण दाबलं, वायरलेसवर हाका दिल्या, बोट मागे वळवली. तटरक्षक दल आलं, आजूबाजूच्या बोटींनी आपली मासेमारी सोडून दोन दिवस शोध घेतला. माणूस मिळाला नाही.

दिवस झाल्यावर मी भेटायला गेलो. त्याची आई ओटीवर बसली होती. तिने मला विचारलं, "साहेबानु, बोटीक यंत्र आसा, माणसाक काय आसा?"

मला उत्तर देता आलं नाही. मत्स्यव्यवसाय खात्यातल्या मित्रांना विचारून, तांडेल मंडळींशी बोलून जे समजलं, ते आज सांगतो आहे.

प्रथम थोडा हिशेब करू. आठ नॉट वेगाने चाललेली बोट एका सेकंदात चार मीटरच्या वर पुढे जाते. मिनिटाला सुमारे अडीचशे मीटर. त्या रात्री दोन ते चारच्या दरम्यान तो माणूस नेमका केव्हा पडला हे ठाऊक नव्हतं. दोन तासांत बोट सोळा सागरी मैल, म्हणजे जवळजवळ ३० किलोमीटर पुढे गेलेली. त्या रेषेच्या दोन्ही अंगांना एकेक किलोमीटर धरा, कारण पाण्याची ओढ आणि वारा माणसाला जागेवर राहू देत नाहीत. एकूण क्षेत्र झालं ६० चौरस किलोमीटर. आपल्या मापाने सांगायचं तर १४,८०० एकर. एवढ्या रानात एक नारळ पडला आहे, रान सतत हलतं आहे, नारळही हलतो आहे, आणि तो अंधारात शोधायचा आहे.

नारळाचं उदाहरण मी उगाच दिलं नाही. पाण्यात पडलेल्या माणसाचं फक्त डोकं वर असतं, आणि ते सोललेल्या नारळापेक्षा फार मोठं दिसत नाही. आम्ही एकदा शांत दिवशी, भर दुपारी, होडीतून खरोखरच एक नारळ पाण्यात टाकून पाहिला. एका मुलाला सांगितलं, की नजर हलवायची नाही, बोट नारळाकडे रोखून ठेवायचं. होडी पुढे चालू ठेवली. शंभर-सव्वाशे मीटरवर नारळ लाटांत जाऊ-येऊ लागला आणि पुढच्या काही क्षणांत मुलगा म्हणाला, गेला. अर्ध्या मिनिटाचा खेळ. रात्री काय होत असेल याची कल्पना आपणच करावी.

बोटीचं यंत्र काय करतं

आपल्याकडच्या पुष्कळ बोटींवर डॅट नावाचं यंत्र असतं. हे आपल्या इस्रोने तयार केलेलं असून २०१० पासून वापरात आहे. संकटात बटण दाबलं की संदेश उपग्रहामार्फत बंगळूरच्या नियंत्रण केंद्रात पोहोचतो. बोट कोणती आणि कुठे आहे हे तिथे उलगडलं जातं, आणि माहिती तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राकडे जाते. पहिल्या डॅटमध्ये एक उणीव होती. बटण दाबणाऱ्याला आपला निरोप पोहोचला की नाही हे कळत नसे. बुडत्या बोटीवर बसून वाट पाहणाऱ्याच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. २०२४ च्या जानेवारीत इस्रोने जाहीर केलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात पोच उलट येते, वादळाचा इशाराही येतो, आणि यंत्र मोबाईलला जोडून तो आपल्या भाषेत वाचता येतो. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते आणखी एका योजनेचा प्रारंभ झाला. तेरा किनारी राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख मासेमारी नौकांवर दुतर्फा संदेशाची यंत्रं टप्प्याटप्प्याने बसवायची, अशी ती योजना आहे.

ही सगळी चांगली यंत्रं आहेत आणि ज्यांच्या बोटीवर नाहीत त्यांनी ती जरूर बसवून घ्यावीत. पण ती बोटीची यंत्रं आहेत. आग लागली, बोटीत पाणी शिरलं, इंजिन बंद पडून बोट वाहत गेली, कुणाच्या छातीत दुखू लागलं, तर त्यांचा उपयोग. माणूस बोट सोडून गेला की यंत्र बोटीचाच पत्ता सांगत राहतं.

याचं एक ठळक उदाहरण आहे. आपल्या नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी २०१८ साली गोव्यात बांधलेल्या 'तुरिया' या शिडाच्या नौकेतून एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरले होते. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने नौकेची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर इजा झाली. त्यांनी नौकेवरचा संकटसूचक बीकन चालू केला. तिथून ऑस्ट्रेलियाचा किनारा हजारो किलोमीटर लांब. २४ तारखेला ओसिरिस हे फ्रान्सचं मासेमारी गस्तीचं जहाज त्यांच्यापर्यंत पोहोचलं आणि ते वाचले. त्या बीकनचं मोल कुणी नाकारणार नाही. पण ते तीन दिवस ते नौकेच्या आत, कोरड्या जागी पडून होते हे लक्षात घ्या. पाण्यात पडलेल्या माणसाजवळ तीन दिवस नसतात. म्हणून त्याचं यंत्र त्याच्या अंगावर असावं लागतं, आणि पहिली हाक जाते ती जवळच्या माणसाला, म्हणजे मुख्यतः त्याच्याच बोटीला, गेली पाहिजे.

अंगावरची यंत्रं

अशी यंत्रं मिळतात. ती ढोबळमानाने तीन तऱ्हेची आहेत.

पहिली तऱ्हा उपग्रहाशी बोलणारी. तिला पीएलबी म्हणतात. हातात मावेल एवढा, खिशात राहणारा हा बीकन आहे. पाती उघडून बटण दाबलं की तो ४०६ मेगाहर्ट्झवर, सुमारे दर पन्नास सेकंदांनी, एक छोटा संदेश आकाशात सोडतो. तो कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचे उपग्रह टिपतात. अमेरिका, सोव्हिएत रशिया, फ्रान्स आणि कॅनडा यांनी मिळून ही व्यवस्था उभी केली. एकमेकांशी शीतयुद्ध चाललेलं असताना त्यांनी हे केलं, हे नमूद करण्यासारखं आहे. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये कॅनडात कोसळलेल्या विमानातले तिघे या व्यवस्थेने वाचलेले पहिले लोक. भारतही तिच्यात सहभागी असून आपली भूकेंद्रं बंगळूर आणि लखनौ येथे आहेत. बीकनमध्ये जीपीएस असेल तर जागा शंभर-दोनशे मीटरच्या आत कळते. बॅटरी किमान चोवीस तास चालते. विमानाला किंवा हेलिकॉप्टरला शेवटच्या टप्प्यात नेम धरता यावा म्हणून १२१.५ मेगाहर्ट्झवर वेगळी खूणही चालू राहते. हा जुना १२१.५ चा संदेश मात्र १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह ऐकत नाहीत. कुणी स्वस्तात फक्त त्यावर चालणारं जुनं यंत्र देऊ लागला तर घेऊ नये.

दुसरी तऱ्हा एआयएस बीकनची. मोठी जहाजं एकमेकांना आपलं नाव, जागा आणि वेग एका रेडिओ यंत्रणेवरून सतत सांगत असतात, तिचं नाव एआयएस. आपल्याकडे वीस मीटर व त्याहून लांब मासेमारी नौकांनाही ती लागते. माणसाच्या अंगावरचा छोटा एआयएस बीकन त्याच भाषेत बोलतो. चालू झाला की जीपीएसने आपली जागा घेतो आणि आसपासच्या ज्या ज्या बोटीवर एआयएस चालू आहे, तिच्या पडद्यावर एका वर्तुळात फुलीची खूण उमटते. सोबत जो क्रमांक येतो तो ९७२ ने सुरू होतो. हा आकडा प्रत्येक तांडेलाने पाठ करावा. ९७२ दिसला, की माणूस पाण्यात आहे. तो आपल्या बोटीचा आहे की दुसऱ्याच्या, हे नंतर पाहावं. ही खूण माणसाबरोबर सरकत राहते, त्यामुळे बोट थेट तिच्यावर नेता येते.

तिसरी तऱ्हा साधी. प्रत्येकाच्या कमरेला किंवा मनगटाला एक छोटा टॅग आणि बोटीवर एक ऐकणारं यंत्र. टॅग बोटीपासून लांब गेला की भोंगा वाजतो आणि त्या क्षणाची जागा नोंदली जाते. हा माणसाचा पाठलाग करत नाही, पण माणूस गेला हे त्याच क्षणी सांगतो. मी ज्या घटनेने सुरुवात केली, तिथे एवढंच जरी झालं असतं, तरी ३० किलोमीटरचा शोध अर्ध्या किलोमीटरवर आला असता.

आता यातलं कोणतं घ्यावं? दुकानदार म्हणेल, सगळ्यांत महाग घ्या. माझं मत थोडं वेगळं आहे.

जो एकटा किंवा दोघे मिळून लहान होडी घेऊन जातात, त्यांनी पीएलबीचा विचार करावा. एकटा माणूस पाण्यात पडला तर होडीवर भोंगा ऐकायला आहे कोण? त्याची हाक आकाशातच गेली पाहिजे. ट्रॉलर किंवा पर्ससीनवर आठ-दहा, कधी पंधरा-वीस माणसं असतात. तिथे एआयएस बीकन किंवा टॅगला अग्रक्रम द्यावा, कारण सर्वांत लवकर पोहोचणारी बोट ही त्याची स्वतःचीच असते. पीएलबीचा संदेश उपग्रहाकडून भूकेंद्राला, तिथून तटरक्षक दलाला आणि तिथून एखाद्या जहाजाला जाणार. सगळं सुरळीत झालं तरी जहाजाला यायला अंतर तोडावं लागतं. आपली बोट मात्र हाकेच्या अंतरावर असूनही, तिला ठाऊक नसल्यामुळे, दूर चाललेली असते.

एआयएसची मर्यादाही सांगतो. पाण्याच्या पृष्ठभागापासून वीतभर उंचीवरून सुटलेली रेडिओ लहर फार लांब जात नाही. बोटीची अँटेना चांगली उंच असेल तर चार-पाच सागरी मैलांपर्यंत, ठेंगणी असेल तर त्याहूनही कमी. म्हणून अँटेना उंच बसवावी. आणि ज्या बोटीवर एआयएस नाहीच, किंवा मासे कुठे मिळतात हे शेजाऱ्याला कळू नये म्हणून ते बंद करून ठेवलं आहे, तिथे हा बीकन मुका आहे. एआयएस बंद ठेवण्याची ही सवय मला अनेक बोटींवर सांगण्यात आली. माशांची जागा लपवताना आपण आपल्याच माणसाची हाक बंद करतो आहोत, हे तांडेलाला समजावून सांगायला हवं.

दुसरी गोष्ट, भोंगा कुठे वाजतो. पडदा केबिनमध्ये, इंजिनाची धडधड चालू, तांडेल बाजूला आडवा झालेला. तिथे टिकटिक आवाज काही कामाचा नाही. इंजिनाच्या वर ऐकू येईल असा भोंगा बाहेर जोडून घ्यावा.

यंत्राला वर धरणारं काही हवं

हे मी मुद्दाम वेगळं सांगतो. बीकन पाण्याखाली गेला की त्याची हाक बंद. रेडिओची लहर खाऱ्या पाण्यातून जात नाही. म्हणजे अँटेना पाण्यावर राहिली पाहिजे, म्हणजे माणूस तरंगला पाहिजे. बीकन घेतला आणि जाकीट घेतलं नाही, तर पंप घेतला आणि विहीर खणली नाही अशातला प्रकार होईल.

जाकीट म्हटलं की आपले खलाशी नाक मुरडतात, आणि त्यांचं सगळंच चूक आहे असं नाही. ते जाड, नारिंगी, फोमचं जाकीट अंगावर घालून उन्हात जाळं ओढता येत नाही. ते जाळ्यात अडकतंही. पण आता पट्ट्यासारखी, खांद्यावरून आणि कमरेभोवती जाणारी फुगणारी जाकिटं मिळतात. आत गॅसची लहान नळकांडी असते. पाण्यात पडताच ती फुटते आणि जाकीट फुगून माणसाचं तोंड वर धरतं. एआयएस बीकन याच जाकिटाच्या आत बसवता येतो. जाकीट फुगताना दोरी ओढली जाऊन बीकन आपोआप चालू होतो. डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेल्या माणसाला बटण दाबता येत नाही, आणि बोटीवरून पडणाऱ्याला बोटीचाच मार लागण्याचा संभव मोठा. त्यामुळे ही जोडी सर्वांत भरवशाची. पीएलबी बहुधा हातानेच चालू करावा लागतो, तेव्हा तो खिशाच्या तळाशी ठेवू नये. दोरीने अंगाला बांधून, एका हाताने निघेल असा ठेवावा.

खरेदी करताना एक बारीक गोष्ट विचारावी. काही जाकिटांत पाण्याने विरघळणारी गोळी असते आणि ती विरघळली की जाकीट फुगतं. आपल्या दमट हवेत आणि सतत उडणाऱ्या तुषारांत ती मध्येच विरघळून जाकीट भलत्याच वेळी फुगू शकतं. पाण्याच्या दाबावर चालणारा प्रकार मिळाला तर आपल्या कामाला तो जास्त बरा.

आपल्या समुद्राची एक जमेची बाजू आहे. उत्तरेकडच्या थंड समुद्रात माणूस तास-दोन तासांत गारठून हातपाय गमावतो. आपल्याकडे पाणी वर्षातला बराच काळ २६ ते ३० अंश असतं. शरीराची उष्णता इथेही जाते, पण सावकाश. तरंगत राहिला तर माणूस कित्येक तास काढू शकतो. म्हणजे वेळ आहे, फक्त जागा कळत नाही.

अमेरिकेतल्या जॉन ऑल्ड्रिज या शेवंड पकडणाऱ्या मच्छीमाराची हकीकत जगभर गाजली. २४ जुलै २०१३ च्या पहाटे, माँटॉकच्या किनाऱ्यापासून सुमारे चाळीस मैलांवर, बोट स्वयंचलित सुकाणूवर चालू होती आणि जोडीदार झोपला होता. ऑल्ड्रिज एक जड पेटी ओढत होता. तिची मूठ तुटली आणि तो मागच्या उघड्या टोकातून थेट पाण्यात गेला. अंगावर जाकीट नाही. त्याने पायातले रबरी बूट काढले, उलटे करून त्यांत हवा कोंडली आणि काखेत धरून तरंगत राहिला. उजाडल्यावर पोहत जाऊन पिंजऱ्यांचे बोये गाठले आणि त्यांना धरून राहिला. जोडीदाराला जाग आली ती सकाळी सहानंतर. विमानं, हेलिकॉप्टर, गावच्या बोटी सगळे निघाले. बारा तासांच्या आसपास पाण्यात काढल्यावर तो दिसला. हा माणूस जिद्दीचा खराच. पण त्याच्या गळ्यात बीकन असता, तर एवढी माणसं एवढा वेळ कुठे शोधायचं या विचारात राहिली नसती.

याच्या उलट उदाहरण २०१४ च्या मार्चअखेरचं आहे. जगप्रदक्षिणेच्या एका शर्यतीत, उत्तर पॅसिफिकमध्ये, खवळलेल्या समुद्रात एक खलाशी नौकेवरून पडला आणि दिसेनासा झाला. त्याच्या अंगावर जाकीट होतं, पाणी आत येऊ न देणारा पोषाख होता आणि एआयएस बीकन होता. नौका वळायला आणि पोहोचायला दीड तासाहून अधिक गेला, पण पडद्यावरची खूण होती. तिच्यावर जाऊन सोबत्यांनी त्याला जिवंत बाहेर काढलं. एवढ्या लाटांत नुसत्या डोळ्यांनी तो सापडला असता असं मला वाटत नाही.

घेतल्यावर काय करावं

आपण हंगामापूर्वी फवारणीचा पंप साध्या पाण्यावर चालवून बघतो, वॉशर बदलतो. तशीच निगा इथे लागते. बीकनच्या अंगावर बॅटरीची मुदत छापलेली असते, ती बोटीच्या कागदपत्रांबरोबर लिहून ठेवावी. जाकिटातली नळकांडी खाऱ्या हवेने गंजते आणि हादऱ्याने सैल होते. महिन्यातून एकदा उघडून हाताने घट्ट करावी. पडद्याशेजारच्या खिळ्याला, डिझेलच्या कॅनजवळ, किंवा घरी औषधं-खतांच्या खोलीत ही वस्तू टांगू नये.

तपासणीसाठी यंत्रावर वेगळं बटण असतं, तेच वापरावं. "चालतं का बघू" म्हणून खरोखरीचा संदेश सोडू नये. मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवावं. चुकून चालू झालंच, तर घाबरून समुद्रात फेकून देऊ नका. बंद करा आणि तटरक्षक दलाला १५५४ या क्रमांकावर चूक झाली असं सांगा. खोटी हाक लपवली, तर कुणीतरी विनाकारण वादळात जहाज घालतं.

पीएलबीची नोंदणी अत्यावश्यक आहे. संदेशात यंत्राचा एक सांकेतिक क्रमांक जातो. तो कुणाचा, घरी संपर्क कुणाशी साधायचा, हे नोंदीतूनच कळतं. आखातातून येणारा कुणी नातेवाईक भेट म्हणून असं यंत्र आणतो. ते त्या देशाच्या संकेताचं असू शकतं आणि हाक प्रथम तिकडे कळवली जाते. भारताचा संकेत ४१९ आहे. विकत घेण्यापूर्वीच परवाना आणि नोंदणी यांची चौकशी आपल्या बंदरातल्या मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे करावी.

खर्चाचा प्रश्न येणारच. सगळ्या खलाशांना एकदम घेणं मालकाला झेपत नसेल, तर दोन जाकिटं आणि दोन बीकन घ्या, आणि ते माणसांना न देता पाळीला द्या. रात्री जो पाळीवर उभा असेल तो ते घालील, पाळी संपली की पुढच्याला देईल. रात्री लघवीला जाणाऱ्यानेही ते घालूनच जावं, आणि जाताना जागत्या माणसाला सांगून जावं. हे सांगायला संकोच वाटतो, पण त्या संकोचातच माणसं जातात. त्याहून सोपं म्हणजे रात्री बोटीच्या कडेला जाऊच नये, केबिनमध्ये एक डबा ठेवावा. मच्छीमार सोसायटीने मिळून खरेदी केली तर भाव करता येईल, सुट्या नळकांड्याही एका जागी ठेवता येतील.

आणखी एक सांगणं आहे बोटमालकांना. आपल्या बोटींवर नेपाळ, उत्तर प्रदेश, झारखंड इथून आलेली मुलं असतात. कित्येकांनी इथे येईपर्यंत समुद्र पाहिलेला नसतो, पोहता येत नाही. पहिलं जाकीट त्यांचं. त्यांच्या भाषेत एकदा दाखवून, घालायला लावून, बंदरातच पाण्यात उतरवून खात्री करावी.

बीकन येईपर्यंतही हात बांधलेले नाहीत. तुमच्या जीपीएसवर एमओबी असं लिहिलेली एक कळ बहुधा आहेच. माणूस पडला असं ओरडणं कानी आलं की पहिल्यांदा ती दाबायची, म्हणजे ती जागा यंत्रात पक्की होते. त्याच वेळी तरंगणारी जी वस्तू हाताला लागेल ती पाण्यात फेकायची. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन पाच किलोच्या आसपास उचल देतो, तेवढ्याने माणसाचं तोंड पाण्यावर राहू शकतं. एकाने फक्त बोट दाखवत उभं राहायचं, दुसरं काही काम करायचं नाही. वायरलेसवर चॅनेल १६ वर हाक द्यायची. जवळ गेल्यावर इंजिन न्यूट्रलमध्ये, पंख्यापासून माणूस लांब. वर घ्यायला जुन्या जाळ्याचा तुकडा शिडीसारखा बाजूला सोडला तर थकलेल्या माणसाला त्यात गुंडाळून आडवा ओढता येतो. हे सगळं बंदी उठल्यावर पहिल्या फेरीआधी, बंदरातच, एक नारळ टाकून करून पाहा. किती वेळ लागला ते घड्याळावर मोजा.

त्या माऊलीकडे मी परत गेलो होतो. थोरल्या मुलाला बोटीवर जायचं होतं आणि ती सोडत नव्हती. मी पीएलबी आणि जाकिटाची माहिती तिला सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पाण्यात असताना त्याला कळेल का, की ऐकलंय म्हणून? मी सांगितलं, काही नवीन बीकनांत कळतं, हाक पोहोचली की एक दिवा लागतो. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांमार्फत २०२० पासून ही सोय सुरू झाली आहे, पण ती प्रत्येक यंत्रात आणि प्रत्येक देशाच्या संकेतावर नसते, तेव्हा घेताना विचारून घ्यावं लागतं. ती म्हणाली, तर मग दिव्याचाच आण.

ज्यांना बंदरावर नारळाचं प्रात्यक्षिक हवं असेल, त्यांनी आपल्या सोसायटीमार्फत कार्यक्रमाच्या पत्त्यावर एक पत्र टाकावं. मत्स्यव्यवसाय खात्याचे अधिकारी आणि मी मिळून येऊ. पुढच्या भाषणात भातावरील करप्याविषयी बोलू. नमस्कार.